गावची विहीर आणि चौथीचा वर्ग

रात्री जेवताना मूल सांगते, "उद्या प्रकल्प द्यायचाय. विषय पाणी." मग घरात कशी तारांबळ उडते, हे आपणांस ठाऊकच आहे. बाजाराच्या गावी चित्रांचे छापील कागद मिळतात. त्यांतले ढग, नदी, नळ आणि हंडा कापून चिकटवावयाचे. थोरली बहीण फोनवर दोन पाने मजकूर शोधते, आई तो सुवाच्य अक्षरात उतरवते, आणि मूल काय करते? मूल डिंक लावते. आता तर प्रश्न विचारताच सबंध निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. तेव्हा डिंकाचेही काम फार दिवस राहील असे दिसत नाही.

ह्यात पैसा जातो, वेळ जातो, ते सोडून देऊ. मला चिंता वाटते ती निराळीच. ह्या खटाटोपातून आठ-नऊ वर्षांचे मूल एक धडा पक्का शिकते: माहिती ही कोणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेली असते, ती आणावयाची आणि खाली आपले नाव घालावयाचे. हा धडा पुढे सुटत नाही. मुले महाविद्यालयात येतात तेव्हा "हे तुला कशावरून कळले?" असे विचारले, की पुष्कळ जण गोंधळून जातात. हा प्रश्न त्यांना आधी कोणी विचारलेलाच नसतो. तो चौथीतच विचारावयास हवा होता.

शिक्षकबंधू म्हणतील, "अहो, आमची दोन खोल्यांची शाळा. एक कपाट, त्यात चाळीस पुस्तके. इथे कसला शोध घेणार?" परंतु लहान मुलाचा शोध पुस्तकाच्या कपाटापासून सुरूच होत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, ते बिया, पाने, शंखशिंपले अशा आसपासच्या वस्तू हाती घेऊनच केले. आपल्यालाही दूर जाण्याचे कारण नाही. गावात एखादी जुनी विहीर असेलच. तीच घेऊ.

पहिली गोष्ट, 'पाणी' हा विषय मुलाला देऊ नये. विषय आभाळाएवढा असला की मूल नक्कल करणार. दुसरे त्याच्या हाती काही नसते. विषयाऐवजी प्रश्न द्यावा. त्याहून चांगले म्हणजे, वर्गाला विहिरीवर न्यावे आणि मुलांनीच प्रश्न काढावेत. समजा, गावात पायऱ्यांची बारव आहे. पायऱ्या पाण्यापर्यंत गेलेल्या आहेत, परंतु वरच्या तोंडाशी भिंत घालून वाट बुजवलेली आहे. एखादा मुलगा विचारीलच, "गुरुजी, पायऱ्या बांधल्या कशाला, आणि मग बंद केल्या कशाला?" झाले! आपला प्रकल्प मिळाला. 'पाण्याचे महत्त्व' ह्यावर दहा पाने लिहिण्यापेक्षा ह्या एका प्रश्नाच्या मागे महिनाभर जावे.

आधी पाहावयाचे. दोन मोठी माणसे बरोबर असल्याशिवाय मुलांना काठाजवळ जाऊ देऊ नये, हे सांगावयास नकोच. सुतळीला दगड बांधून गुरुजींनी तो खाली सोडावा, मुलांनी सुतळी मीटरपट्टीने मोजावी. दिसतात तेवढ्या पायऱ्या मोजाव्यात. काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा हाताने चाचपून पाहाव्यात. कुठे मोटेची धाव आणि थारोळे शिल्लक असेल, त्याचे चित्र काढावे. वहीत तारीख घालावयास विसरू नये. श्रावणात मोजलेले पाणी आणि वैशाखात मोजलेले पाणी ह्यांत केवढा फरक, हे तारखेवाचून कळणार नाही.

मग विचारावयाचे. इथे मुलांना थोडे तयार करावे लागते. "आजी, पूर्वी पाण्याचा त्रास होता का हो?" असे विचारले की आजी "होता बाबा" म्हणते आणि विषय संपतो. त्याऐवजी "तुम्ही ह्या गावात नांदायला आलात तेव्हा पहिल्या दिवशी पाणी कुठून आणलंत?" असे विचारून पाहा, आजी तासभर बोलेल. आजोबा म्हणतील, "विहीर सात परस खोल." परस म्हणजे केवढा, हे मुलाने तिथेच विचारावे. आजोबा हात वर करून उभे राहतील, मुलाने ती उंची भिंतीवर खडूने मांडून मोजावी, सातने गुणावी आणि आपल्या सुतळीच्या मापाशी ताडून पाहावी. जुळले नाही तर फारच उत्तम. विहीर गाळाने भरली, की आजोबांचा अंदाज चुकला, की आपली सुतळी तळाला टेकलीच नाही? गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण मी तरी देऊ शकणार नाही.

साल विचारू नये. म्हाताऱ्या माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. "कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी की नंतर?" म्हणजे डिसेंबर १९६७. "दुष्काळात सुकडी वाटत होते तेव्हा?" म्हणजे १९७२-७३. "किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी?" म्हणजे सप्टेंबर १९९३. असे पाच-सहा प्रसंग फळ्यावर सालांसह लिहून ठेवले, की मुले आजीच्या आठवणीला साल लावू शकतात. इतिहास लिहिणारेही, कागद नसेल तिथे, असेच करतात.

आता जरा अवघड भाग. विहिरीवर पाणी कोण भरत असे, हा प्रश्न निघणारच. एका घरी सांगतील, "सगळा गाव भरायचा." दुसऱ्या वस्तीवर एखादी म्हातारी सांगेल, "आम्हाला पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. घागर खाली ठेवून उभं राहायचं, कोणी वरून ओतलं तर पाणी." मुले गोंधळतात; खरे कोणाचे? पुष्कळ शिक्षक अशा वेळी दुसरे उत्तर वहीत येऊ देत नाहीत. गावात वाईटपणा नको, असे त्यांना वाटते. त्यांची अडचण मला समजते, पण माझे मत स्पष्ट आहे: ते उत्तर आलेच पाहिजे. पहिल्या घरातील माणूस खोटे बोलला असेच नाही. त्याच्या 'सगळा गाव' ह्या शब्दांत सगळा गाव नव्हता, एवढेच. 'सगळे' म्हणजे कोण कोण, हे विचारण्याची सवय मुलाला इथे लागते, आणि म्हणून एकाच आळीत विचारून आलेला प्रकल्प अपुरा समजावा. मात्र त्या म्हातारीकडे आधी शिक्षकांनी स्वतः जावे. तिची सांगण्याची इच्छा आहे का, नाव लिहिलेले चालेल का, हे विचारून घ्यावे. मुलांची टोळी एकदम कोणाच्या दुःखावर नेऊन उभी करू नये.

नंतर वर्गात महाडची गोष्ट सांगता येते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले. कोर्टात खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव आणि स्नानघाट ह्यांचा नावानिशी उल्लेख आला. पाठ्यपुस्तकातले संविधान आणि गावची बारव ह्यांचा संबंध मुलाला अशा रीतीने कळला, तर तो पाठ करावा लागत नाही.

पुस्तकाकडे जावयाचे ते आता. आपला मूळ प्रश्न बाकीच आहे: पायऱ्या का बुजवल्या? कोणी सांगेल, पोर पडले म्हणून. कोणी सांगेल, "नारू व्हायचा. डॉक्टर लोकांनी बंद करायला लावलं." दोन उत्तरे झाली. नारू म्हणजे काय, हे वर्गात कोणालाच ठाऊक नसते. बरोबरच आहे, आपल्या देशातला नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. तेव्हा 'नारू' हा शब्द मुलाने मराठी विश्वकोशात काढून पाहावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली सिद्ध झालेला हा कोश आता फोनवरही फुकट वाचावयास मिळतो. न कारातून ना, मग नारू, असे अकारविल्हे शोधणे हेही एक शिक्षणच आहे.

वाचल्यावर उलगडा होतो. नारूचा किडा हातभर किंवा त्याहूनही लांब असतो आणि बहुधा पायातून बाहेर पडतो. असा रोगी पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालतो, तेव्हा किड्याची पिले पाण्यात सुटतात. ती पाण्यातले बारीक जीव गिळतात, आणि ते जीव आपल्या पोटात जातात ते न गाळलेल्या पाण्यातून. साधारण वर्षभराने नवा किडा बाहेर येतो. म्हणूनच पायऱ्यांच्या विहिरींना कठडा घालून वरून पाणी काढावयाची सोय करण्यात आली. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, त्यातले हे एक मोठे काम. आजी पाणी दुहेरी फडक्याने का गाळते, ह्याचेही उत्तर मुलाला वाटेत मिळून जाते.

पण थांबा. ह्यावरून आपल्याच गावच्या पायऱ्या नारूमुळे बंद झाल्या, असे सिद्ध झाले काय? नाही. तसे असू शकते, एवढेच पुस्तक सांगते. भिंत कधी बांधली, हे ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात पाहावे. खर्चाची नोंद निघाली तर काम झाले. नाही निघाली, तर "दोघांनी नारू सांगितले, एकाने पोर पडल्याचे सांगितले, कागद मिळाला नाही" असे लिहावे. चौथीतल्या मुलाने लिहिलेले असे एक वाक्य मला छापील चित्रांच्या वीस पानांपेक्षा मोलाचे वाटते.

लिहिताना वहीचे तीन भाग करावेत: पाहिले, ऐकले, वाचले. ऐकलेल्यापुढे कोणाकडून, वाचलेल्यापुढे कोणत्या पुस्तकातून. फोनवरून घेतले असेल तर तेही लिहावे, त्यात कमीपणा नाही. कोणी लिहिले ते मात्र शोधावे, आणि लिहिणाराचे नावच नसेल तर दुसरीकडे पडताळून पाहिल्याशिवाय घेऊ नये. अक्षर वेडेवाकडे असेना का, मुलाचेच असावे. गुण देताना शिक्षकांनी सजावटीकडे न पाहता कोणतेही एक वाक्य दाखवून "हे कशावरून?" एवढेच विचारावे. आईने लिहून दिलेली वही ह्या प्रश्नापुढे टिकत नाही.

आणि शेवटचे एक पान 'कळले नाही' ह्यासाठी कोरे ठेवावे. बारवेच्या कोनाड्यातली मूर्ती कोणाची, बोअर घेतल्यावर विहिरीचे पाणी कमी झाले की पावसामुळे, बारव कोणी बांधली, असे तीन-चार प्रश्न त्यावर उरतीलच. वर्गाची एक वही शाळेच्या कपाटात राहू द्यावी. जूनमध्ये नवी चौथी बसली, की तेच पान पहिल्या आठवड्यात वाचून दाखवावे.