गच्चीवरच्या मळ्याचे गणित

शेती म्हटली की गावाकडची काळी जमीन डोळ्यांसमोर येते. शहरात तशी मोकळी जमीन मिळणे कठीण. पण कितीतरी इमारतींच्या माथ्यावर सपाट, उन्हात तापणारी गच्ची असते. तेथे भाजीचा लहानसा मळा करता येईल काय? येईल, परंतु विद्यार्थी मित्रांनो, फावडे उचलण्यापूर्वी तुम्हांला कागद-पेन्सिल हाती घ्यावी लागेल.

पहिला प्रश्न वजनाचा. समजा, गच्चीच्या १ चौरस मीटर भागावर तुम्ही शेतातील माती ३० सेंटिमीटर जाडीने पसरली. तिचे घनफळ ०.३ घनमीटर झाले. ओल्या मातीच्या १ घनमीटराचे वजन १७०० किलोग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एवढ्याशा तुकड्यावर ५१० किलोग्रॅम भार आला. आता दुसरी बाजू पाहा. माणसांचा वावर असणाऱ्या गच्चीचा आराखडा करताना, तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज दर चौरस मीटरला सुमारे १५० किलोग्रॅम भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. आपली माती त्याच्या तिपटीहून जड झाली! अशाने स्लॅबला तडे जातील. जुन्या इमारतीत याहूनही वाईट घडू शकेल.

मग उपाय काय? मुळांना आधार, पाणी, हवा आणि क्षार हवे असतात. वजन नको असते. म्हणून वाफ्यात खाली रसवंतीवरची उसाची चिपाडे व वाळलेला पाला, वर कंपोस्ट आणि थोडीशी माती, असे थर देतात. मुंबई बंदराच्या एका मोठ्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर २००२ साली असा मळा सुरू झाला. तेथे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचेच खत झाले.

तुमचे मिश्रण किती जड आहे हे तुम्हीच मोजा. तळाला भोक असलेल्या डब्यात १ लिटर मिश्रण भरा, भिजवा, पाणी निथळू द्या आणि तोला. समजा, ते ६०० ग्रॅम भरले. तर १५ सेंटिमीटर थराचा भार दर चौरस मीटरला ९० किलोग्रॅम होईल. तरीही वाफे तुळयांच्या व खांबांच्या वर ठेवावेत, पाणी वाहून जाण्यासाठी ते विटांवर उचलावेत, आणि आधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावाच.

दुसरा प्रश्न उन्हाचा. मुंबईचा अक्षांश १९ अंश उत्तर. २२ डिसेंबरला भरदुपारी तेथे सूर्य क्षितिजापासून साधारण ४७॥ अंशांवर दक्षिणेकडे असतो. त्या वेळी १ मीटर उंचीच्या कठड्याची सावली उत्तरेकडे सुमारे ९० सेंटिमीटर पडते. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडच्या कठड्याला टेकून ठेवलेल्या वांग्याला दुपारचे ऊन मिळणारच नाही! जूनच्या अखेरीस हीच सावली उलट, दक्षिणेकडे, अवघी ८ सेंटिमीटर पडते. वांगी, भेंडी, टोमॅटो ह्यांना भरपूर ऊन लागते. आळू, पालक त्यामानाने कमी उन्हात भागवतात. तेव्हा कुंड्यांच्या जागा ऋतूप्रमाणे बदलाव्या लागतात.

तिसरा प्रश्न पाण्याचा. उन्हाळ्यात दाट पानांच्या वाफ्यातून दर चौरस मीटरला दिवसाकाठी ५ लिटर पाणी सहज उडून जाते. १ लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. ५ लिटरांना १२० लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने ३ युनिटांहून थोडी अधिक. उन्हाळ्याच्या स्वच्छ दिवशी त्याच जागेवर सूर्याकडून सुमारे ६ युनिटे ऊर्जा येते. तिचा अर्धा वाटा बाष्पीभवनात खर्च झाल्यामुळे स्लॅब कमी तापतो आणि खालच्या खोलीतल्या लोकांना गारवा मिळतो.

आता शेवटचा हिशेब. ह्या मळ्यावर घर जगेल काय? त्या ६ युनिटांपैकी १ टक्का ऊर्जा वनस्पतीने साठवली असे धरू. ती सुमारे ५० किलोकॅलरी होते. तिच्यातला निम्मा भागच खाण्याजोगा मानला तर उरल्या २५. एका माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एकट्यासाठी ८० चौरस मीटर जागा हवी, तीही वर्षभर हिरवीगार! सोळा बिऱ्हाडांच्या इमारतीला एक गच्ची अर्थातच पुरणार नाही. भाकरी शेतकऱ्याच्या शिवारातूनच यायची. मेथी, माठ, कोथिंबीर, मिरची मात्र गच्चीवर होऊ शकते, आणि घरातला ओला कचराही तेथेच जिरतो.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या गच्चीवर १ मीटर उंचीची काठी उभी करून वर्षभर, दर महिन्याच्या २२ तारखेला, भरदुपारी तिची सर्वांत आखूड सावली मुलांकडून मोजून घ्यावी. त्या बारा आकड्यांवरून कोणता वाफा कोठे मांडायचा, हे मुले स्वतःच सांगतील.