पहिला पगार आणि ‘मिनिमम ड्यू’

समजा, लातूरचा एक तरुण हिंजवडीत नोकरीला लागतो. पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, घरी पेढे वाटले जातात आणि थोड्याच दिवसांत क्रेडिट कार्ड घेण्यासाठी फोन सुरू होतात. पैसा कमवायचं शिक्षण त्याने घेतलेलं असतं. आलेला पैसा सांभाळायला मात्र तो इथून पुढे शिकतो, तेही बहुधा चुका करत.

त्यातली फार महाग पडणारी एक चूक कार्डाच्या बिलावरच छापलेली असते: ‘मिनिमम ड्यू’. समजा, बिल ४०,००० रुपयांचं आहे आणि किमान भरायची रक्कम २,०००. तेवढी भरली की विलंब शुल्क टळतं, म्हणून पोराला वाटतं, या महिन्याचं भागलं. पण व्याज थांबलेलं नसतं. दरमहा साडेतीन टक्के दर धरला, तर ४०,००० रुपयांवर महिन्याचं व्याज होतं १,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल फिटलं अवघं ३४८ रुपये! शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

दुसरा कागद पगाराच्या स्लिपचा. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम पीएफमध्ये कापली जाते, ती अनेकांना गेलेला पैसा वाटते. मग नोकरी बदलताना ती काढून मोबाइल घेतला जातो. खरं तर यूएएन क्रमांक तोच राहतो आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी पीएफ काढला, तर त्यावर प्राप्तिकर लागू शकतो.

झटपट पैशाचा मोह याहून घातक. ‘सेबी’ने २०२४ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण अशा ट्रेडर्समध्ये तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर पोहोचलं.

आपल्या आया-आज्यांची भिशी या बाबतीत शहाणी होती. ठरल्या तारखेला पैसे आधी बाजूला निघत. उरल्यात घर चाले. आज तीच शिस्त पगाराच्या दुसऱ्याच दिवशी आपोआप कापल्या जाणाऱ्या आरडी किंवा एसआयपीने लावता येते. पीपीएफ खातं तर वर्षाला किमान ५०० रुपयांत चालू राहतं.

पण भिशीचा हिशोब मुलं घरात बघत, ऐकत. आज अनेक घरांत वडिलांचा पगार किती आणि गृहकर्जाचा हप्ता किती, हे विशीतल्या मुलांनाही ठाऊक नसतं. आईवडिलांनी या महिन्याचं विजेचं बिल, कर्जाचा हप्ता आणि बँकेचं पासबुक मुलांसमोर ठेवावं आणि तासभर त्यांच्यासोबत बसून हिशोब करावा.