बूस्टचा काटा आणि गाडीचा पिकअप

फिश टँकच्या दुकानात हवेच्या नळीवर बसवायचा एक छोटा प्लास्टिकचा कॉक मिळतो. माशांच्या टाकीत बुडबुडे किती सोडायचे ते ठरवण्याचा. चहा-वड्याच्या पैशात येणारा हा कॉक टर्बोच्या होजवर बसवला की गाडीचा बूस्ट वाढतो, असं अमेरिका-युरोपातले हौशी लोक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगत आले आहेत, आणि ती विद्या आता आपल्याकडेही पोचली आहे. ज्याच्याकडे डिझेल स्विफ्ट आहे आणि सुट्टीचा दिवस मोकळा आहे, त्याला मोह होतोच.

ही निव्वळ थाप नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. १९८०च्या दशकातल्या व्होल्व्हो ७४० टर्बोसारख्या गाड्यांवर ती क्लृप्ती खरंच चालायची. टर्बोचं एक चाक इंजिनच्या गरम धुरावर फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. हा जादा दाब म्हणजेच बूस्ट. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की जास्तीचा धूर चाकाला वळसा घालून सोडून द्यायला एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. ही झडप स्प्रिंगने मिटलेली असते. टर्बोच्याच दाबाची एक बारीक नळी एका डबीत जाते, डबीतला पडदा दाबला जातो, दांडी सरकते आणि झडप उघडते. आता त्या नळीत कॉक बसवून थोडी हवा गळू दिली, की डबीला खऱ्यापेक्षा कमी दाब कळतो. झडप उशिरा उघडते. बूस्ट वाढतो. म्हणजे कॉक टर्बोला ताकद देत नाही, तो डबीला फसवतो. स्वस्तातल्या जवळपास सगळ्या युक्त्या याच जातीच्या आहेत. कुणीतरी फसवलं जातं आणि भार दुसऱ्यावर पडतो.

"बूस्ट वाढला म्हणजे ताकद वाढली"

सगळ्यात चिवट गैरसमज हाच. ताकद इंधन जळून येते, हवा त्याला जळायला मदत करते. फिॲटचं १२४८ सीसीचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या, जे स्विफ्टमध्ये डीडीआयएस नावाने आलं. ७५ पीएसच्या आवृत्तीत साधा वेस्टगेटचा टर्बो होता, म्हणजे कॉकची युक्ती तिथे बसू शकते. पण डिझेल किती सोडायचं हे ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या तक्त्यावर ठरतं आणि त्या तक्त्याला वरची मर्यादा आहे. तुम्ही जास्तीची हवा भरलीत तरी तो त्या मर्यादेपलीकडे डिझेल सोडत नाही. काटा वर जातो, गाडी होती तशीच ओढते. दाब फारच वाढला तर ईसीयू पी०२३४ हा ओव्हरबूस्टचा कोड नोंदवतो, पिवळा दिवा लावतो आणि गाडी ताकद कापणाऱ्या लिंप मोडमध्ये टाकतो. मग कात्रजच्या चढावर ट्रकसुद्धा हॉर्न वाजवून पुढे निघून जातो.

नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत गंमत आणखी पुढची आहे. तिथे ईसीयू चालकाच्या पायावरून किती टॉर्क द्यायचा ते आधी ठरवतो आणि बाकी सगळं त्या हिशेबाने जुळवतो. बूस्ट हिशेबाबाहेर गेला तर तो थ्रॉटलची पाकळी थोडी मिटतो. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतो.

"दाब जास्त म्हणजे हवा तितकीच जास्त"

हा गैरसमज जरा निवांत उलगडायला हवा, कारण इथे भौतिकशास्त्र थेट खिशाला भिडतं. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश तापमान असताना १ बार बूस्टवर, ठीकठाक चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा साधारण १२५ अंशांची असते. दीड बारवर ती १६० अंशांपर्यंत जाते. छोट्या टर्बोला त्याच्या आवाक्याबाहेर पळवलं की त्याची कार्यक्षमता घसरते आणि तीच हवा १८० अंशांवर पोचते. गरम हवा विरळ असते. त्यामुळे बूस्ट एकचा दीड झाला, म्हणजे काट्यावर दीडपट दिसला, तरी इंटरकूलरच्या आधी हवेची घनता जेमतेम दहा ते पंधरा टक्के वाढते. इंटरकूलर त्यातली काही उष्णता काढतो, पण तोही मूळ मापाच्या टर्बोसाठी बनवलेला असतो.

पेट्रोल इंजिनात ही उष्णता थेट घातक ठरते. गरम, दाबलेलं मिश्रण ठिणगीची ज्वाळा पूर्ण पसरण्याआधीच ठिकठिकाणी पेटतं आणि खडखड होते. मेकॅनिक तिला नॉकिंग म्हणतात. ही काही नवी डोकेदुखी नाही. जनरल मोटर्सने १९६२ मध्ये ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो गाडी आणली, तेव्हा नॉकिंग टाळायला इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायची सोय द्यावी लागली होती. मालक ती टाकी भरायला विसरायचे, आणि शेवटी कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो काढून दिले. साबने १९८२च्या सुमारास नॉक सेन्सर लावून बूस्ट आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली, तेव्हा कुठे रोजच्या वापरातली टर्बो पेट्रोल गाडी निर्धास्त झाली. आजही ईसीयू नॉकिंग ऐकलं की ठिणगी मागे सरकवतो. म्हणून कॉक बसवलेली गाडी पहाटे तरतरीत वाटते आणि दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पूर्वीपेक्षाही मठ्ठ.

"मोबाइलवर दोन बार दिसतोय!"

गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या सॉकेटला स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र लावून मोबाइलवर आकडे बघण्याची हौस बरी आहे, पण आकडा वाचता आला पाहिजे. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर सांगतो तो निरपेक्ष दाब, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. समुद्रसपाटीला २०० किलोपास्कल दिसले तर बूस्ट एकच बार. पुण्यात बाहेरचा दाब साधारण ९५ किलोपास्कल आणि महाबळेश्वरला ८६ च्या आसपास, म्हणजे वजाबाकीही गावागणिक बदलते. शिवाय ओबीडीच्या नेहमीच्या संकेतात हा आकडा एकाच बाइटमध्ये येतो. तो २५५ च्या वर जातच नाही. काटा २५५ वर स्थिर दिसला म्हणून बूस्ट तिथे थांबला असं समजणारा माणूस नेमक्या धोक्याच्या जागी आंधळा असतो.

वेगळा काट्याचा गेज बसवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. वेस्टगेटच्या डबीची नळी कापून तिथे टी जोडला आणि तो सैल राहिला, तर तो सांधाच गळका कॉक होतो. नुसतं मोजायला गेलेला माणूस नकळत बूस्ट वाढवून बसतो.

"सगळ्या टर्बोंना एकच औषध"

याच मल्टिजेटची ९० पीएसची आवृत्ती एर्टिगात आली, तिचा टर्बो व्हीजीटी. त्यात धुराच्या वाटेवर हलत्या पाकळ्या असतात. अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत पाकळ्या व्हॅक्युमवर हलतात आणि व्हॅक्युम मिळाला तरच मिटून बूस्ट वाढवतात. तिथे नळी गळकी केली की व्हॅक्युम कमी पडतो आणि बूस्ट उलट घटतो. हल्ली कित्येक गाड्यांत मोटरने चालणारा ॲक्च्युएटर असतो, तिथे कॉक बसवायला नळीच नसते.

"डबी लावा, पिकअप घ्या"

डिझेलवाल्यांसाठी बाजारात वेगळी फसवणूक आहे, इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत अडकवायची डबी. आत अनेकदा एखादा रेझिस्टर आणि दोन कनेक्टर, एवढंच. सेन्सर खरा आकडा सांगतो, डबी तो कमी करून ईसीयूला देते, ईसीयू बिचारा दाब वाढवतो आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. इथे पिकअप खरोखर वाढतो, म्हणूनच या डब्या खपतात. पण रेलमधला दाब आधीच हजार-दीड हजार बारच्या घरातला. डबी ना धूर बघते, ना एक्झॉस्टचं तापमान, ना तेलाची अवस्था. पेट्रोल इंजिनाचा घात इंधन कमी पडल्याने होतो, डिझेलचा ते जास्त झाल्याने. न जळलेलं डिझेल काळ्या धुराने दिसतं आणि टर्बाइनची पाती तापतात. धूर काढत पळणारी गाडी दमदार असते, ही आपल्याकडची समजूत उरफाटी आहे.

चांगल्या जागी केलेला रीमॅप वेगळा. तिथे इंधन, बूस्ट, धुराची मर्यादा, सगळं एकत्र जुळवतात. त्यालाही धोके आहेत, पण निदान कुणी डोळे मिटून बसलेलं नसतं.

विजेवर चालणारे "इलेक्ट्रिक टर्बो" पंखे आणि सायलेन्सरच्या तोंडात बसवायच्या शिट्ट्या यांवर फार शाई खर्च करायला नको. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३६०० लिटर हवा ओढतं. त्यावर अर्धा बार बूस्ट द्यायला पाच किलोवॅटच्या वर ताकद लागते, म्हणजे बारा व्होल्टला साडेचारशे अँपिअर. पंख्याच्या वायरी करंगळीएवढ्याही जाड नसतात. ऑडीने २०१६ मध्ये एसक्यू७ मध्ये खराखुरा विजेचा कॉम्प्रेसर दिला, तो ४८ व्होल्टचा आणि सात किलोवॅटचा होता. शिट्टी मात्र वाजते, त्याबद्दल तक्रार नाही.

कायद्याचंही ऐकून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाहीत. कलम १८२अ मध्ये मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे क्लेमच्या वेळी तिच्या हातात दिलेलं कोलीत.

मग स्वस्तात काहीच होत नाही का? होतं, पण ते बूस्ट वाढवणं नसून हरवलेला बूस्ट परत मिळवणं आहे. जुनी डिझेल गाडी "पूर्वीसारखी ओढत नाही" म्हणून लोक डबी शोधायला लागतात, तेव्हा बहुधा कुठेतरी हवा गळत असते. बोनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंतचे रबरी होज बोटांनी चाचपा, खालच्या बाजूनेही, कारण चीर तिथेच पडते. सांध्यावर काळपट, तेलकट मळ जमला असेल तर हवा तिथूनच जाते. शंका उरली तर गॅरेजमध्ये पाइपात हलक्या दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावायला सांगा. इंजिन नुसतं आयडलला ठेवून ही तपासणी होत नाही, तेव्हा बूस्टच नसतो. स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे अंडरबूस्टचा कोड असेल तर आधी हेच बघायचं, मग एअर फिल्टर, मग मॅप सेन्सरवरची काजळी, आणि त्यानंतर टर्बोच्या पाकळ्या. टर्बो बदलायचा विषय यातलं सगळं झाल्यावर. होज आणि क्लिप बदलून झाली की तोच कोड स्कॅनरने पुसून घ्या, कारण काही गाड्या जुनी नोंद शिल्लक असेपर्यंत ताकद दाबूनच ठेवतात.