डबा शोधण्याआधी : लहान मुलांसोबत जिओकॅशिंग



तिसरीच्या परिसर अभ्यासात दिशा आणि नकाशा शिकवताना मी एक खेळ घेते. त्याचं नाव जिओकॅशिंग. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे दुसऱ्याला द्यायचे आणि दुसऱ्याने मोबाइलच्या मदतीने तो शोधायचा. पहिल्यांदा हा खेळ घेतला तेव्हा माझी एक चूक झाली. ती आधी सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

डबा मी मैदानाच्या कडेला बाभळीजवळ ठेवला होता. पाच मिनिटांत एक पोरगा धावत आला, "मॅडम, सापडला!" त्याच्या हातात माझा डबा नव्हता. शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर पडलेली फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली होती, आणि तो झाकण फिरवतच होता. मी बाटली खाली ठेवायला लावली, साबणाने हात धुऊन घेतले. त्याला काही झालं नाही. पण चूक त्याची नव्हतीच. 'लपवलेली वस्तू शोधा आणि उघडा' असं मीच सांगितलं होतं. काय उघडायचं नाही, हे सांगायचं राहिलं होतं.

आपला जिल्हा कापसाचा. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने इथे शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून आता मी पहिला तास मोबाइलशिवाय घेते. मुलांना आमचा डबा दाखवते : स्टीलचा, झाकणावर पिवळा रंग आणि शाळेचं नाव. मग एकच नियम पाठ करून घेते. पिवळं झाकण असेल तरच हात लावायचा. दुसरी कोणतीही बाटली, डबा, पिशवी दिसली तर तिथंच थांबायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. हा नियम खेळ संपल्यावरही मुलांजवळ राहतो, आणि माझ्या मते या खेळातला सगळ्यात मोठा धडा हाच आहे.

हा खेळ आला कुठून?

आपल्या डोक्यावर सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर जीपीएसचे उपग्रह फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की मोबाइल आपली जागा ठरवतो. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक ठेवायची, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला ही चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या माणसाने ओरेगन राज्यात एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर दिले. 'काही घ्या, काही ठेवा' हा त्याचा नियम आजही चालतो.

जागेला आकड्यांत बांधण्याचं काम मात्र फार जुनं आहे. १८०२ साली मद्रासजवळून भारताची मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या शेजारच्या हिंगणघाटला वारले. त्यांचं कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं. हे सांगितलं की हातातल्या मोबाइलकडे मुलं वेगळ्या नजरेनं बघतात.

आकडे कसे शिकवायचे?

यवतमाळ शहराचे आकडे साधारण २०.३९ उत्तर आणि ७८.१२ पूर्व असे आहेत. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक बदलला की आपण सुमारे ११० मीटर सरकलो, चौथा बदलला की ११ मीटर, पाचवा बदलला की जेमतेम एक मीटर.

तिसरीच्या मुलांना दशांश समजावत बसू नका. जागेचे आकडे दाखवणारं कोणतंही मोफत ॲप उघडा आणि मुलांना मैदानात चालवा. उत्तरेला चाललं की पहिली संख्या वाढते, पूर्वेला चाललं की दुसरी. उलट फिरलं की कमी होते. सुरुवातीचे अंक मैदानभर बहुतेक सारखेच राहतात, म्हणून फक्त शेवटचे दोन अंक फळ्यावर लिहा. दिशा अशा पायांनी शिकलेल्या पोरांना सहसा पुन्हा सांगाव्या लागत नाहीत.

'मॅडम, इथं तर काहीच नाही!'

हे ऐकायची तयारी ठेवा. मोकळ्या आकाशाखालीही मोबाइल पाचेक मीटरने चुकतो, झाडाखाली किंवा भिंतीजवळ त्याहून जास्त. म्हणून आकडे जुळले तिथे काठी रोवा, पाच मीटरची दोरी फिरवून फक्कीने गोल आखा आणि त्या गोलात नजरेनं शोधायला सांगा. यंत्र जवळ नेतं, पुढचं काम डोळ्यांचं, हेही मुलांना कळतं.

करताना एवढं सांभाळा

- दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, सकाळच्या वेळी घ्या. पावसाळ्यात गवतात साप-विंचवाची भीती असते.
- डबा जमिनीवर, दिसेल असा ठेवा. बिळात, दगडाखाली नको. खड्डा खणून पुरू नका.
- डब्यात छोटी वही, पेन्सिल, चिंचोके, गोट्या, खोडरबर ठेवा. खाऊ नको, मुंग्या आणि माकडं आधी पोचतात.
- एक वस्तू घेतली तर एक ठेवायची, वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथेच ठेवायचा.
- चार-पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस. मोबाइल मोठ्याच्या हातात.
- पहिली-दुसरीला मोबाइल नकोच. 'पिंपळापासून उत्तरेला दहा पावलं' एवढी चिठ्ठी पुरते.
- शाळेबाहेर जायचं तर मुख्याध्यापकांना आणि वावराच्या मालकाला आधी विचारा. खेळ संपला की डबा परत आणा.

पालकहो, रविवारी हा खेळ घराच्या अंगणातही होतो. फक्त मोबाइल काढण्याआधी मुलाला डबा दाखवा आणि विचारा, "असा नसेल तर काय करशील?" उत्तर बरोबर आलं की मगच आकडे द्या.