निजामशाहींतील पक्षकलह व त्याचें निवारण

निजामशाहीसंबंधीं फारसी तवारिखा वाचतांना दक्षिणी, परदेशी व हबशी हे तीन शब्द पावलोपावलीं आढळतात. पुष्कळ वाचक त्यांचा अर्थ जात किंवा धर्म असा करतात. तो आम्हांस मान्य नाहीं. दक्षिणी म्हणविणाऱ्या कित्येक मुसलमान घराण्यांचे पूर्वज महंमद तुघलकानें इ. स. १३२७ त दौलताबादेस राजधानी नेली त्या सुमारास उत्तरेकडून आलेले. परदेशी म्हणजे इराण, तुराण व अरबस्तान येथून मागाहून आलेले. तेव्हां भेद होता तो मुख्यतः आगमनाच्या काळाचा व दरबारांतील मानमरातबाचा. सुन्नी व शिया हा पंथभेद त्याला येऊन मिळाला, इतकेंच.

या कलहाचें मूळ बहमनी दरबारांत आहे. वजीर महमूद गवान यानें चार सुभ्यांचे आठ केले आणि नेमणुका करतांना उभय पक्षांचा तोल राखला. परंतु बनावट पत्राच्या आधारें इ. स. १४८१ त त्याचा वध झाला. दक्षिणी पक्षाचा पुढारी मलिक हसन बहरी त्यानंतर प्रबळ झाला व १४८६ त तोही मारला गेला. त्याचाच पुत्र मलिक अहमद यानें १४९० त निजामशाही स्थापिली व १४९४ त अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, वसविलें. सारांश, हें राज्य कलहाच्याच पोटीं जन्मलें.

तोल राखण्याची कायमची तजवीज न झाल्याचें फळ १५८९ त दिसलें. परदेशी पक्षाच्या मीर्झाखानानें मीरान हुसेन या राजास मारलें. तेव्हां जमालखानाच्या पुढारीपणाखालीं दक्षिणी व हबशी उठले आणि नगरांत परदेश्यांची कत्तल झाली. इतिहासकार फेरिस्ता तेव्हां नगरांतच होता. तो वांचला व त्याच वर्षीं विजापुरास गेला. तो स्वतः अस्त्राबादचा, अर्थात् परदेशी. त्याची साक्ष अमूल्य खरी, पण ती एका पक्षाची साक्ष आहे, हें वाचकानें विसरूं नये.

पुढें १५९५ त मियां मंजू, इखलासखान हबशी, अभंगखान व चांदबिबी या चौघांनीं चार निरनिराळे वारस पुढें केले. मियां मंजूनें तर शहाजादा मुरादाच्या मोगल फौजेस साहाय्यार्थ बोलाविलें. चांदबिबीनें किल्ला राखला व १५९६ त वऱ्हाड देऊन तह केला. परंतु एकी वेढ्यापुरतीच टिकली. १६०० त फितुरीच्या संशयावरून तिच्याच लोकांनीं तिला मारलें व किल्ला मोगलांच्या हातीं गेला.

या अनुभवावर उपाय काढला तो मलिक अंबरानें. स्वतः हबशी व एके काळचा गुलाम असूनही त्यानें केवळ हबशांचें राज्य उभारलें नाहीं. गादीवर निजामशाही वंशज बसवून आपण पेशवाई केली. मराठे सरदारांस फौजेंत मोठें स्थान दिलें. महसूल ब्राह्मण कारकुनांकडे सोंपविला. आणि जमिनीचा मगदूर पाहून धारा ठरविला. ‘मलिकंबरी’ हें धाऱ्याचें नांव त्याच्या मागें पुष्कळ काळ चालू राहिलें. ज्याला त्याला राज्य टिकण्यांत हितसंबंध उत्पन्न झाला. १६२४ त नगरजवळ भातवडीस मोगल व आदिलशाही यांच्या एकवटलेल्या फौजा मोडल्या. त्या रणांत शहाजी भोसले अंबराच्या बाजूस होते.

परंतु हा तोल अंबराच्या हातांत होता, दरबाराच्या शिरस्त्यांत नव्हता. तो १६२६ त वारला. १६२९ त दौलताबादच्या दरबारांत लखुजी जाधवरावांचा पुत्रांसह खून झाला, आणि मराठे सरदारांचा विश्वास उडाला. शहाजी मोगलांस मिळाले. पुढें दौलताबाद पडल्याच्या सुमारास त्यांनींच संगमनेर भागांतील पेमगिरीवर निजामशाही वंशाचें एक मूल गादीवर बसविलें. पण १६३६ त राज्य बुडालें.

आमच्या मतें निजामशाही बुडविण्यास मोगलांच्या तोफांइतकाच हा अंतःकलह कारण झाला. भिन्न समूह एकत्र नांदविण्यास कर्ता पुरुष लागतो, हें अंबरानें दाखविलें. त्याची व्यवस्था त्याच्या पश्चात् नियमानें चालली नाहीं तर ती त्याच्याबरोबरच जाते, हें त्याच्या मरणानें दाखविलें. मलिकंबरी धारा मात्र टिकला, कारण तो गांवोगांवच्या दप्तरांत उतरला होता. म्हणून जिल्ह्यांतील वतनदारांच्या रुमालांत त्याचा उल्लेख आढळल्यास संग्राहकांनीं तो केवळ जमाखर्चाचा कागद समजून बाजूस टाकूं नये. राज्यकर्त्याच्या शहाणपणाचा जो अंश संस्थारूपानें उरला, त्याचा तो लेख होय.