जलोदरातील विस्रावण आणि आजचा कर्करुग्ण

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायात जलोदराच्या विस्रावणाचा विधी आहे. नाभीखाली, रोमराजीच्या डावीकडे चार अंगुळे सोडून व्रीहिमुख शस्त्राने वेध करावा, द्विद्वार नाडी घालून जल काढावे, मात्र सर्व जल एकाच दिवशी काढू नये. तसे केल्यास तृष्णा, ज्वर, अंगमर्द, अतिसार, श्वास उद्भवतात. म्हणून काही दिवसांच्या अंतराने थोडेथोडे काढून उदर वस्त्राने घट्ट बांधावे. (हे दिवस क्रमाने विचारणारे परीक्षक आम्हांस पुष्कळ भेटले, विस्रावण प्रत्यक्ष दाखविणारे थोडेच.)

आज आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या जलोदराच्या रुग्णांत बीजकोश, आमाशय, स्वादुपिंड वा बृहदंत्र यांचा कर्करोग उदरावरणापर्यंत पसरलेले रुग्णही असतात. पोट ताणलेले, दोन घासांत तृप्ती, आडवे होताच श्वास कोंडतो. येथे जल साचण्याचे मुख्य कारण म्हणजे कर्कपेशींनी अवरुद्ध झालेल्या रसवाहिन्या आणि उदरावरणातील पाझरणाऱ्या सूक्ष्म केशिका. त्यामुळे मूत्रल औषधांचा लाभ अल्प होतो. यकृतात अनेक गाठी होऊन प्रतिहारिणी सिरेतील दाब वाढला असेल, तरच तो काहीसा दिसतो.

अशा क्षीणबलमांस रुग्णास ‘उदर म्हणजे नित्य विरेचन’ या न्यायाने इच्छाभेदी वा जलोदरारि देणे आम्हांस सर्वथा अयोग्य वाटते. जयपालाने जुलाब होतात, पोट तसेच राहते आणि उरलेले बल जाते. औषधविक्रेत्या बंधूंनीही हे कल्प चिठ्ठीवाचून देऊ नयेत. चरकोक्त सहा महिने केवळ दुधाचा क्रमही ज्याच्या हाती काही आठवडेच आहेत त्याच्यासाठी नव्हे. त्याला रुचेल ते थोडेथोडे खाऊ द्यावे.

त्याला खरा आराम मिळतो तो जल काढल्याने. सोनोग्राफीने जागा निश्चित करून, स्थानिक भूल देऊन बारीक नळीने जल काढतात. पुष्कळदा वेध आजही डाव्या बाजूसच होतो. एका वेळी पाच लिटरपर्यंत जल बहुधा सलाइनवाचूनही सोसते. रक्तदाबावर लक्ष मात्र हवे. पोट पुनःपुन्हा भरत असेल तर त्वचेखालून बोगद्यासारखी नेलेली मऊ सिलिकॉनची नळी कायम ठेवता येते. तिच्यावरील तंतुमय पट्ट्याभोवती ऊतक वाढून नळी स्थिर होते. मग घरचे माणूसच निर्वात बाटली जोडून लिटर-दोन लिटर जल काढू शकते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ साली अशा नळीस अनुकूल मार्गदर्शन दिले. तिचा खर्च झेपत नसेल, तर साधे विस्रावण पुनःपुन्हा करता येते.

म्हणून शल्यचिकित्सक वा उपशामक चिकित्सा विभागाकडे रुग्ण वेळेत पाठविणे हे आपले काम. नळी बसवून तो घरी परतल्यावर नातलग प्रथम आपल्यालाच बोलावतात. ज्वर, पोटदुखी, गढूळ जल, नळीभोवती लाली किंवा पाझर दिसल्यास काढे देत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जल एकाएकी थांबले तर नळी तुंबली आहे की पोटच रिकामे झाले आहे, हे सोनोग्राफीनेच ठरवावे. नळी स्वतः हलवू नये.