उंच गाडी, ठेंगणी गाडी आणि ओझे

गवताचा भारा डोक्यावर घेऊन उतार उतरताना माणूस पाऊल जपून टाकतो. तेवढेच ओझे पाठीशी बांधले, तर त्याच उतारावर तो जरा निर्धास्त चालतो. माणूस तोच, वजन तेच. मग फरक कशाने पडला? ओझे उंचावर गेले की ते माणसाला डोलवते. खाली आले की फारसे डोलवीत नाही. उमरठच्या आयाबायांना ही गोष्ट कोणी शाळेत शिकवली नाही. ती त्यांच्या मानेला ठाऊक आहे.

मोटारगाडीचेही असेच आहे. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहायला येणाऱ्या मोटारी आपण नेहमी बघतो. आता गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून आपली पोरेही स्वतःची गाडी घेऊन येतात. नीट पाहा, या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक ठेंगणी, बुटकी. दुसरी उंच, छाती पुढे काढून उभी राहिल्यासारखी. या उंच गाडीला क्रॉसओव्हर म्हणतात. विकणारा मात्र तिला एसयूव्ही म्हणूनच विकतो. अलीकडे आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक गाड्या अशा उंच जातीच्या आहेत.

आमच्या पुतण्यानेही ठेंगणी गाडी विकून उंच गाडी घेतली. आम्हाला म्हणाला, "काका, आता कितीबी भरा. ही जीपसारखी दणकट हाय."

इथेच लोकांची गफलत होते. उंच गाडी दिसते जीपसारखी, पण तिची घडण असते साध्या मोटारीची. जीपला किंवा बोलेरोला खाली लोखंडी चासी असते आणि त्या चासीवर वरचा सांगाडा बसवलेला असतो. मागे पाट्यांच्या कमानी असतात. म्हणून जीप रिकामी असली की खड्ड्यात उडते, आणि माल भरला की शांत चालते. क्रॉसओव्हरला अशी वेगळी चासी नसते. तिची चासी आणि सांगाडा एकच. तिचे स्प्रिंग माणसांना आराम मिळावा म्हणून केलेले असतात, पोती वाहण्यासाठी नव्हे.

मग उंचीचा फायदा काहीच नाही का? आहे की. स्विफ्ट गाडीचे पोट रस्त्यापासून १६३ मिलिमीटर वर असते, म्हणजे सुमारे साडेसहा इंच. ब्रेझाचे १९८ मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ इंच. सवा इंचाचा हा फरक लहान वाटतो, पण पाच माणसे बसली की गाडी खाली दबते. मग आपल्या वाडीच्या वाटेवर ठेंगण्या गाडीचे पोट दगडाला घासते, आणि उंच गाडी सुटून जाते. शिवाय उंच बसल्यामुळे पुढचा रस्ता लांबवर दिसतो. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चढउतार करायलाही ती बरी. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पण ओझे किती घालायचे, ते उंचीवर ठरत नाही. गाडीच्या कागदपत्रांत आणि कंपनीने दिलेल्या पुस्तकात दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे, म्हणजे त्यावर जाऊ नये असे. दुसऱ्यातून पहिले वजा करा. जी बाकी उरते, तेवढेच ओझे गाडीचे. माणसेसुद्धा त्यातच मोजायची. ही बाकी ठेंगण्या गाडीत आणि लहान क्रॉसओव्हरमध्ये जवळजवळ सारखीच येते. साधारण ४०० ते ५०० किलो.

गेल्या शिमग्यानंतर आम्ही पाच माणसे पुतण्याच्या गाडीतून वाईला आमच्या लेकीकडे गेलो. परत येताना लेकीने दोन पोती ज्वारी दिली. एक पोते कांदे दिले. ज्वारी डिकीत गेली. कांद्याला जागा उरली नाही, म्हणून ते पोते टपावर बांधले. पसरणीचा घाट चढून आम्ही पाचगणी आणि महाबळेश्वरला आलो.

घाट चढताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. वळणावर पुतण्या चाक फिरवी, पण गाडी जरा उशिरा वळे. त्याचे कारण बैलगाडीवाल्याला चटकन कळेल. गाडीत माल मागे जास्त झाला की जू वर उचलते, बैलांना जोर लावता येत नाही. अशा गाडीला आपण उलाळ म्हणतो. आजच्या बहुतेक मोटारींचे इंजिन पुढे असते आणि ओढणारी चाकेही पुढचीच असतात. डिकीत पोती टाकली आणि त्यात चढ आला, की वजन मागे सरते. पुढची चाके हलकी होतात. त्यांची रस्त्यावरची पकड कमी पडते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चढावर तर ती जागच्या जागी गरगर फिरतात.

जुन्या फियाटचे तसे नव्हते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीत ओढ मागच्या चाकांना होती. डिकीतल्या ओझ्याने तीच चाके दाबली जात, आणि चढावर जोर मिळे. ती टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण जुन्या टॅक्सीवाल्यांची 'डिकी भरा, बिनधास्त चला' ही सवय काही गेलेली नाही. सात माणसांच्या एर्टिगासारख्या गाडीतही मागच्या ओळीत जड माणसे आणि त्यांच्या पाठीशी सामान, असे करू नये. जड माणसे मधल्या ओळीत घ्यावीत.

महाबळेश्वर समुद्रापासून सुमारे १३५० मीटर उंच आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला यायला सुमारे ४० किलोमीटर पडतात. बहुतेक सारा उतार, आणि वळणावर वळण. उतारावर उंच गाडीचा खरा स्वभाव दिसतो. ठेंगणी गाडी वळणावर रस्त्याला चिकटून जाते. उंच गाडी बाहेरच्या अंगाला कलते. त्यात टपावर ५० किलो कांदा! डोक्यावरचा भारा तो हाच. मागे बसलेल्या वहिनींना गाडी लागली. त्यांचा काय दोष? लहान गाड्यांच्या टपाला पुष्कळदा ५० ते ७५ किलोच सोसते, आणि वरची लोखंडी जाळीही त्यातच धरायची असते.

दुसरी गोष्ट वेगाची. उंच बसले की जमीन दूर दिसते, म्हणून वेग आहे त्याहून कमी वाटतो. पुतण्याला वाटत होते आपण हळू चाललो आहोत. आम्ही काट्याकडे बोट दाखवले, तेव्हा तो चमकला.

प्रतापगडाच्या फाट्याच्या थोडे अलीकडे जळका वास आला. पुतण्या म्हणाला, "काका, ब्रेक खाली जातोय." गाडीत कोणी बोलेना.

असे का झाले? गाडी घाटावर चढवायला जेवढा जोर लागतो, तेवढा उतरताना कोणीतरी अडवावा लागतो. तो ब्रेकने अडवला की त्याची उष्णता होते. ओझे जास्त, तर उष्णता जास्त. ब्रेक फार तापले की त्यांची पकड जाते. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरात ठेवावी. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, आणि ब्रेकला विसावा मिळतो. ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचे, असे जुने ड्रायव्हर सांगत. आमचा पुतण्या चौथ्या गिअरात उतरत होता. पेट्रोल वाचवायला काही जण तर न्यूट्रलमध्ये उतरतात. ते घरच्या माणसांच्या जिवाशी खेळणे आहे.

पुतण्याने भान ठेवले. घाबरून गिअर काढला नाही. तिसरा टाकला, मग दुसरा. गाडीने दम धरला. फाट्याजवळ सपाट जागा पाहून ती उभी केली. तापलेल्या चाकांवर पाणी ओतायला कोणी पुढे झाला, त्याला आम्ही थांबवले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडले तर ते वाकडे होते. अर्धा तास तसेच बसून राहिलो.

तेवढ्यात हिशेब केला. पाच माणसे, प्रत्येकी ६० किलो धरून ३००. ज्वारी १००. कांदे ५०. पिशव्या ३०. एकूण ४८० किलो. पुस्तक काढून पाहिले. भरल्या गाडीचे वजन १६०० किलो, रिकाम्या गाडीचे ११५०. बाकी ४५०. म्हणजे ३० किलो जास्त, आणि त्यातही ५० किलो डोक्यावर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा कागद चिकटवलेला होता. भरलेल्या गाडीला मागच्या चाकांत जास्त हवा भरा, असे त्यावर होते. आमच्या चाकांत हवा रिकाम्या गाडीची!

ज्वारीची पोती डिकीत आडवी केली, मागच्या बाकाला घट्ट भिडवली. उभे पोते ब्रेक लागताच पुढे येऊन पाठीत बसते. कांद्याचे पोते टपावरून खाली उतरवले. आता ते ठेवायचे कुठे, यावर नवराबायकोची थोडी बाचाबाची झाली. शेवटी आम्हीच गाडीतून उतरलो. आमचे ६० आणि कांद्याचे ५०, असे ११० किलो गाडीतून कमी झाले.

गाडी दुसऱ्या गिअरात सावकाश पुढे गेली. मागून पोलादपूरची एस.टी. आली. कंडक्टरने आमचे तिकीट दिले, आणि कांद्याचे लगेज तिकीट वेगळे फाडले. पोलादपूरच्या स्टँडावर वहिनी लिंबू चोखत आमची वाट पाहत बसल्या होत्या.